साठ एमएल

डॉक्टरबाईंनी नळी टेबलावर ठेवली. पांढरट प्लास्टिकची, तुरीच्या काडीपेक्षाही बारीक.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या. "नुसतं बघून जास्त भीती वाटते."

मी हात लावला. सुनंदानं, माझ्या बायकोनं, लावला नाही. तिच्या मांडीवर आमची ऋतुजा होती, चार महिन्यांची. वजन तीन किलो सहाशे ग्रॅम.

"ही नाकातून पोटात जाईल," बाई म्हणाल्या. "दूध नळीतून द्यायचं. वजन वाढलं की छोटं ऑपरेशन करून नळी सरळ पोटात बसवू. मग नाकाला त्रास नाही."

"म्हंजे तोंडानं काहीच न्हाई?" सुनंदानं विचारलं.

"आत्ता तरी नाही. जन्मताना ती उशिरा रडली, तेव्हा मेंदूला इजा झालीय. तिला नीट गिळता येत नाही. निम्मं दूध पोटात जातं, निम्मं छातीत. दोनदा न्यूमोनिया झालाय. तिसऱ्यांदा झाला तर मी काही सांगू शकत नाही."

माझी आई दाराशी उभी होती. तिला आत यायला कुणी सांगितलं नव्हतं, पण दाराबाहेर थांबायची तिला सवय नव्हती.

"देवानं तोंड दिलंय की तिला," ती म्हणाली. "आन् पोटाला भोक? पोरीच्या जातीला? उद्या कोण करून घेणार तिला?"

बाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं. माझ्याकडं वळल्या. मी म्हणालो, "बाई, थोडे दिवस द्या. आम्ही घरी मोजून भरवतो. जमलं तर बघू."

"तुम्ही काय करता?"

"गावच्या दूध संस्थेत सचिव आहे."

त्या पहिल्यांदा हसल्या. "मग मोजमाप तुम्हाला शिकवायला नको. माझ्या मताविरुद्ध देतेय, पण पंधरा दिवस देते. वही ठेवा. दिवसातून आठ वेळा भरवायचं, दर वेळी निदान साठ एमएल पोटात गेलं पाहिजे. कमी गेलं तर कमी लिहा, मी रागावणार नाही. चौगुले, नळी घालायची की नाही हे आपण तुमच्या वहीवर ठरवू."

बावीस वर्षं झाली ह्याला. 'तुमच्या वहीवर' म्हणताना त्यांनी बोट माझ्याकडं केलं होतं, आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटला होता.

त्याचं कारण असं की गावात माझं नावच तसं होतं. कोल्हापूरपासून एसटीनं दीड तासावर आमचं गाव. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागायची. मी माप घालायचो, फॅट काढायचो, लिहायचो. सख्ख्या चुलत्याचं दूध डिग्रीला कमी लागलं, म्हणजे त्यात पाणी निघालं, म्हणून परत पाठवलं होतं. लोक चेष्टा करायचे, 'ह्यो चौगुल्या उद्या देवाच्या अभिषेकाचीबी फॅट काढंल.' ते मला आवडायचं.

त्याच संध्याकाळी मी संस्थेतली कोरी वही घरी आणली आणि पट्टीनं रकाने आखले. वेळ, कोणी भरवलं, किती गेलं, ठसका लागला का. सकाळी आठ आणि रात्री आठ मी. अकरा आणि दोन आई. बाकीच्या चार वेळा, रात्रीच्या धरून, सुनंदा.

आईनं रकाने बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लेकराचं खाणं मोजायचं नसतं, विलास. दिठ लागती."

"डॉक्टरनी सांगितलंय."

"मग मोजा. पर उघड्यावर न्हाई."

आमच्या घरात ही रीतच होती. तान्ह्या लेकराला भरवायचं ते भिंतीकडं तोंड करून, वाटीवर पदर धरून. भरवून होईस्तोवर खोलीत कुणी यायचं नाही, किती प्यायली म्हणून विचारायचं नाही. मलाही आईनं असंच वाढवलं होतं. तेव्हा ठरलं असं की बाटलीच्या मापानं साठ एमएल पावडरचं दूध वाटीत काढायचं, आतल्या खोलीत एकट्यानं बसून भरवायचं, उरलेलं परत मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मला पदर नव्हता, मी खांद्यावरचा टॉवेल घ्यायचो.

ऋतुजाला भरवणं म्हणजे काय ते सांगतो. चमचा ओठाला लावला की ती जीभ पुढं काढायची, आणि दूध हनुवटीवरून खाली यायचं. थोडं मागं सोडलं तर घशात घुरघुर व्हायची. मी थांबायचो. कधी ते आत जायचं. कधी ठसका लागायचा आणि तिचा चेहरा जांभळा पडायचा. मग उलटं धरून पाठ चोळायची. पुन्हा लाली आली की पुन्हा चमचा. तिचे डोळे मोठे होते. ती माझ्याकडं बघायची की नाही हे मला कधी नक्की सांगता आलं नाही, पण चमचा जवळ आला की ती मुठी आवळायची, हे मी बघितलं होतं.

पहिल्या दिवशी माझे आकडे बावीस आणि अठरा आले. मी तसेच लिहिले.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं वही उघडली. "अठरा?" ती म्हणाली. "माझ्याकडं तर चाळीस-पंचेचाळीस घेती."

"माझ्याकडं वाटी पुसून घेती," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाप्यांचं काम न्हवं ते. हात जड असत्यात."

मी त्यांचे रकाने बघितले. चाळीस. पन्नास. पन्नास. साठ. मला वाटलं, दोष माझ्या हातात आहे. पोरगी पिते, मला पाजता येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊण तास बसलो. सतरा एमएल गेलं. दोनदा ती जांभळी पडली. वाटीत दूध तसंच होतं, आणि बाहेर आई जातायेता खाकरत होती. ते घेऊन बाहेर गेलो असतो तर दोघींनी बघितलं असतं. मोरी स्वयंपाकघरात होती. खिडकीखाली अंगण.

मी ते पिऊन टाकलं.

कोमट, गुळचट, खडू कालवल्यासारखं होतं. टॉवेलनं मिशी पुसली, ऋतुजाला खांद्यावर घेतलं, बाहेर आलो आणि वहीत लिहिलं, साठ.

"बघ," आई म्हणाली. "जमतंय की."

त्यानंतर रोज, दोन्ही वेळा, मी हेच केलं. एखाद्या दिवशी अगदीच लाज वाटली तर पन्नास लिहायचो. मनाला सांगत होतो की बाकीच्या सहा वेळा तिला पोटभर मिळतंय, माझ्या दोन वेळच्यानं काय बिघडतंय.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघंही कोल्हापूरला गेलो. बाईंनी वही चाळली. एकेक पान, सावकाश.

"सुंदर ठेवलीय," म्हणाल्या. "इतकी नीट वही माझ्या नर्सेसही ठेवत नाहीत."

मग ऋतुजाला वजनकाट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे पन्नास. बाईंनी तिला उचलून परत ठेवलं. तेच. बाजूच्या खोलीतला दुसरा काटा मागवला. तेच.

"दिवसाला साडेचारशे-पावणेपाचशे दूध जातंय," त्या म्हणाल्या, "आणि दीडशे ग्रॅम उतरलीय? आत्ता भरवून दाखवता का?"

"आत्ताच स्टँडवर पाजलंय, बाई," सुनंदा म्हणाली.

स्टँडवर आम्ही थांबलोही नव्हतो. मला ते माहीत होतं. मी समजलो, चारचौघांसमोर भरवायला नको म्हणत असेल.

बाई माझ्याकडं वळल्या. सुनंदाकडं नाही, आईकडं नाही. "चौगुले, आकडे खरे आहेत ना?"

"आमच्याकडं अर्ध्या पॉइंटचा फरक चालत नाही, बाई," मी म्हणालो.

हेच शब्द. आजही जसेच्या तसे आठवतात.

"मग नळीचा उपयोग नाही," बाई विचार करत म्हणाल्या. "दूध आत जातंय, पण अंगी लागत नाही. म्हणजे दोष आतड्यात असणार. पावडर बदलू. रक्त, शी, लघवी तपासू. आठ दिवसांनी या."

रक्तासाठी शीर सापडत नव्हती. दोन्ही हात झाले, मग पायाचा घोटा झाला, मग डोक्याला सुई लावली. ऋतुजाला मोठ्यानं रडता यायचं नाही. तोंड उघडायचं आणि आवाज मागून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा यायचा. मी तिचे पाय धरून उभा होतो. ह्या सुया कशामुळं टोचताहेत ते मला ठाऊक होतं. निदान माझ्या वाट्याचं तरी. मी बोललो नाही.

घरी आल्यावर आईनं देवापुढं नारळ फोडला आणि शेजारीपाजारी साखर वाटली. नळी टळली म्हणून. मलाही बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत हौसाबाई परीट किटली घेऊन आली. एकटी बाई, एक म्हैस. माप घातलं, चार लिटर. कार्डावर लिहायला गेलो आणि मागच्या ओळींवर नजर गेली. चार. चार. चार. चार. नऊ दिवस, दोन्ही वेळा, चार. घरच्या काळजीत ते नऊ दिवस मी तिच्या दुधाला फॅट-डिग्री न लावता नुसतं माप घेत होतो.

असा आकडा दिसला की माझा हात आपोआप थांबतो. म्हैस रोज सारखं दूध देत नाही. उन्हाचं, वैरणीचं, माजाचं, कशाचं तरी निमित्त होतं, आणि पावशेर इकडं नाहीतर पावशेर तिकडं होतंच. खरं दूध वेडंवाकडं येतं. सारखा आकडा माणूस आणतो.

"हौसाबाई, म्हशीच्या गळ्यात घड्याळ बांधलंयस काय?" मी विचारलं.

रांगेतले लोक हसले. हौसाबाई हसली नाही. पुढं येऊन हळू आवाजात म्हणाली, "आटलीया वं, दादा. दीड लिटर देती. पाणी घातलं. आटली म्हणून सांगायला जीभ उचलंना बघा. मला वाटायचं, उद्या देईल. परवा देईल."

एरवी मी ते दूध रांगेसमोर ओतून दिलं असतं. माझ्या खिशात ऋतुजाची वही होती. नवीन पावडरचा रकाना आखायला आणली होती. मी ती काढली आणि तिथंच, काट्याशेजारी, उघडली.

साठ. साठ. पन्नास. साठ. साठ. साठ. पन्नास.

माझा रकाना मला पाठ होता. तो मी बघितलाच नाही. आईचा बघितला. सुनंदाचा बघितला. चौथ्या दिवसापासून एकाही रकान्यात सत्तेचाळीस नव्हते. त्रेपन्न नव्हते. अठरा तर नव्हतेच.

तीन माणसं आळीपाळीनं भरवत होती आणि पोर उपाशी होती.

मी संस्था उघडी टाकून घरी आलो. सकाळचे साडेसात झाले असतील. आई चुलीशी, सुनंदा ऋतुजाला तेल लावत होती. तेल लावताना फासळ्या मोजता येत होत्या. ते रोजच दिसत होतं. मी वही दोघींच्या मधे जमिनीवर टाकली.

"खरं किती जातंय?"

आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"आई?"

"लिवलंय की."

"आई, मी दूध मोजून पोट भरतो. मला शिकवू नको. खरं किती?"

आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "धा. बारा. कवा तेवडंबी न्हाई. उरल्यालं मी वासराला घालत हुतो. सुनंदाकडं पीती म्हनून म्हनलं असू दे. कमी लिवलं आसतं तर पोटाला भोक पाडलं आसतं की रं तिच्या."

मी सुनंदाकडं वळलो. संस्थेत पाणी घालणाऱ्यांशी बोलायचा माझा एक आवाज होता, तोच आवाज लागला. "आणि तू? तू आई ना तिची?"

सुनंदाचे हात तेलकट होते. ते तिनं तसेच हवेत धरले होते. "वीस घेती," ती म्हणाली. "रात्री तर झोपतीच तोंडात चमचा असताना. मी परसात ओतत होते. आत्तीकडं साठ जातंय, तुमच्याकडं साठ जातंय. आईकडंच न्हाई जात, हे कसं लिहायचं?"

मग तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत नाही, जरा खाली. मी वाट बघत होतो की ती विचारील, तुमच्याकडं खरंच साठ जातंय काय? आईही विचारील. कुणीच विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

त्या दिवशी आठही वेळा ओसरीवर, उघड्यावर, सगळ्यांसमोर भरवलं. पदर नाही, टॉवेल नाही. आईनं नजर उतरवायला मीठमोहऱ्या हातात धरल्या होत्या, पण अडवलं नाही. चौदा. नऊ. एकवीस. सोळा. अकरा. मी लिहीत गेलो. एकूण एकशे अठ्ठावीस. पाच वेळा ठसका.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सुनंदा आणि मी कोल्हापूरला गेलो. बाईंसमोर वही ठेवली. शेवटचं पान दाखवलं.

"हे कालचं. मी स्वतः बसून मोजलं. हे खरं आहे."

"आणि आधीचं?"

वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. वाटेत बसमध्ये मी ते जुळवलं होतं.

"घरातल्या बायकांनी आकडे वाढवून लिहिले, बाई. मला काल कळलं."

बाईंनी चष्मा काढला. सुनंदाला म्हणाल्या, "तुम्हाला समजतं का तुम्ही काय केलंत? मी हिच्या आतड्याचा रोग शोधत होते. चार-चार सुया टोचल्या तुमच्या लेकराला. ही उपाशी होती. उपाशी! आई आहात ना तुम्ही?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर पंधरावीस बायाबापड्या बसल्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. सुनंदा मान खाली घालून उभी राहिली. तिनं पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं, तसंच, जरा खाली. मग म्हणाली, "चुकलं, बाई. नळी घाला."

"तुम्ही सांगताय म्हणून विश्वास ठेवते, चौगुले," बाई म्हणाल्या. "नाहीतर आता ह्या वहीचं मी काय करू?"

मी कागदावर सही केली. नळी नाकातून आत गेली तेव्हा ऋतुजा कळवळली, पाय झाडले. दोन मिनिटांचं काम होतं. मग नर्सनं सिरिंजमधून तीस एमएल दूध सोडलं. ते हळूहळू खाली उतरताना आम्ही दोघं बघत होतो. ठसका नाही. घुरघुर नाही. जांभळा रंग नाही. तासाभरानं पुन्हा तीस.

मग ऋतुजा झोपली. हात उघडे टाकून. तिच्या मुठी सुटलेल्या मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. सुनंदानं तिच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "पोट भरलं की अशी झोपती व्हय ही."

ती एवढंच बोलली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दवाखान्यात दहा दिवस होतो. नव्वद ग्रॅम वजन वाढलं. मागून आलेली आई खुर्चीवर बसून नळीकडं बघत राहायची. एकदा तिनं स्वतः सिरिंज धरली. "ह्येच पाजवणं हाय की," म्हणाली, "तोंडाऐवजी नाकातनं." ऑपरेशनचा विषय बाईंनी काढला, तेव्हा तीच म्हणाली, करा.

पण छाती आधीच भरली होती. त्या वीस दिवसांतलं जे दूध पोटात गेलं नव्हतं, त्यातलं थोडं वासरानं खाल्लं, थोडं परसात मुरलं, थोडं मी प्यायलो, आणि थोडं चमच्या-चमच्यानं तिच्या छातीत साठलं. अकराव्या दिवशी दुपारी पावणेतीनला ऋतुजा गेली. बाहेर चहावाला कपबश्या विसळत होता.

मी बाईंना विचारलं, वीस दिवस आधी नळी घातली असती तर?

"जगली असती असं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तिला संधी होती."

ही गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. बाकावर आमच्याच शिवारातली कुणी बाई असणार. 'आईनं लेकराला उपाशी ठेवलं,' एवढंच लोकांनी धरून ठेवलं. पाणवठ्यावर बायका सुनंदाला जागा द्यायच्या, पण गप्प व्हायच्या. पुढं आम्हाला मुलगा झाला. त्याच्या बारशाला कुणीतरी पाळण्याशेजारी म्हणालंच, "ह्याला तरी नीट पाज गं बाई." सुनंदानं ते ऐकलं आणि पेढ्याचं ताट पुढं केलं.

आई सात वर्षांनी वारली. शेवटच्या आजारात तिला घास गिळेना, तेव्हा म्हणायची, "पोरीचं पाप माझ्या भवती फिरतंय." तिला मी सांगू शकलो असतो की आई, मीही त्यात होतो, सगळं तुझ्यावर घेऊ नको. तिच्या उशाशी महिनाभर बसलो होतो. नाही सांगितलं.

माझं एवढंच झालं की मला दूध चालेना. गावाचं दूध मापणारा सचिव आणि पितो कोरा चहा, म्हणून लोकांनी आणखी एक चेष्टा केली. मी ॲसिडिटी म्हणायचो.

यंदा मी निवृत्त झालो. संस्थेच्या आवारात मांडव घातला, शाल दिली, नारळ दिला. चेअरमन भाषणात म्हणाले, "चौगुले सचिवांनी सबंध नोकरीत एक आकडा खोटा लिहिला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदा बायकांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसली होती. तीही वाजवत होती.

दुपारी घरी आलो. शाल खुंटीला लावली. सुनंदा चहा टाकत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलो आणि म्हणालो, "एक सांगायचंय. ऋतूचं."

तिनं गॅस बारीक केला. ऋतुजाचं नाव आमच्यात फारसं निघत नसे.

"माझेही आकडे खोटे होते. सतरा-अठराच जायचं. उरलेलं मी पीत होतो."

"ठाव हाय," सुनंदा म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"तुमच्या मिशीला वास यायचा," ती म्हणाली. "त्या पावडरीचा. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी माझी वाटी बघितली असती."

चहा वर आला. तिनं भांडं उतरवलं. मी विचारलं, "आणि डॉक्टरांसमोर? एवढ्या लोकांदेखत ती बाई तुला बोलत होती. मी सगळं तुमच्यावर ढकलून मोकळा झालो होतो. तेव्हा तरी सांगायचंस."

सुनंदानं गाळणी हातात घेतली.

"सांगणार हुते," ती म्हणाली. "तोंडापर्यंत आलं हुतं. पर त्या बाईचा आपल्या घरातल्या एकाच माणसावर विश्वास उरला हुता. त्योबी खोटा निघाला असता तर तिनं नळी कुणाच्या शब्दावर घातली असती? पुन्हा सुया टोचल्या असत्या. पुन्हा चार दिवस गेले असते. ऋतू भुकेली हुती. मी म्हनलं, आधी तिचं पोट भरू दे. तुमचं मग बघू."

"मग बघितलंस का नाही?"

"मग ती गेलीच की," सुनंदा म्हणाली. "आता कुणासाठी सांगायचं?"

तिनं दोन कप भरले. आपल्या कपात दूध घातलं आणि माझा, बावीस वर्षं देत आली होती तसा, कोराच माझ्यापुढं ठेवला.